वरळीकरांनी उशीर केला, बरं झालं

22 एप्रिल 2017 रोजी वरळीच्या जांबोरी मैदानावर बीडीडी चाळींच्या, म्हणजे ब्रिटिशकाळात कामगारांसाठी बांधलेल्या सरकारी चाळींच्या, पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. 1 ऑगस्ट 2021 रोजी वरळीच्या कामाचा पुन्हा एकदा शुभारंभ झाला. मुख्यमंत्री तेवढे बदलले होते. मधल्या चार वर्षांत जमिनीवर फारसं काही दिसलं नाही, आणि त्या काळातल्या बहुतेक बातम्यांत एकच क्रियापद असायचं: रखडला. कुणामुळे रखडला, याचं उत्तरही ठरलेलं होतं. रहिवाशांमुळे. राज्याच्या राजधानीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, सरकार 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं घर मालकी हक्काने द्यायला निघालंय, आणि ही माणसं खोली सोडायला तयार नाहीत! करार दाखवा म्हणतात, पात्रता यादी आधी लावा म्हणतात, संक्रमण शिबिर, म्हणजे नवं घर होईपर्यंतचा तात्पुरता निवारा, जवळच हवा म्हणतात. फुकट घर मिळतंय तर अटी कसल्या घालता, असा सूर समाजमाध्यमांवर होता आणि शिकल्यासवरल्या घरांतल्या गप्पांतही होता.

मला वाटतं, त्या अटी घालणारे बरोबर होते. त्यांच्यामुळे उशीर झाला असेल तर तो उशीर मुंबईच्या पुनर्विकासातल्या शहाणपणाच्या मोजक्या गोष्टींपैकी एक धरायला हवा. हे मान्य करायचं तर आधी उशीर या एकाच नावाखाली आपण ज्या दोन वेगळ्या गोष्टी ढकलून देतो त्या सुट्या कराव्या लागतील. माणसं आपापल्या खोल्यांत असताना होणारा उशीर एक. माणसांनी खोल्या रिकाम्या केल्यानंतर होणारा उशीर दुसरा. सरकारी आढाव्यात दोन्ही महिन्यांतच मोजले जातात. माणसाच्या आयुष्यात त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

बीडीडी चाळींचा जन्मच एका फसलेल्या वेळापत्रकातून झालेला आहे, हे थोडं विषयांतर करून सांगायला हवं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभं राहिलं. त्याच्याकडे दोन मोठी कामं होती. बॅक बेला भराव घालून नवी जमीन काढायची आणि गिरणी कामगारांसाठी 50 हजार खोल्या बांधायच्या. भरावाचा खर्च इतका फुगला आणि जमीन इतकी कमी हाती आली की खुर्शेद नरिमन यांनी त्या कारभारावर जाहीर तोफ डागली आणि प्रकरण बदनामीच्या खटल्यापर्यंत गेलं. चाळींचंही तेच झालं. सव्वासहाशे चाळींचा संकल्प होता, 207 बांधून झाल्या. त्यातल्याही पुष्कळ खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या, कारण कामगाराला ते भाडं परवडेना. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर 20 खोल्या, एका चाळीत 80 खोल्या, आणि स्वच्छतागृहं सामाईक. वरळीला 121 चाळी, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीला 12. शंभर वर्षं त्या टिकल्या, ही कामगिरी लहान नाही. पण भव्य आकडे जाहीर करून अर्ध्यावर थांबण्याची सरकारी सवय या शहरात नवी नाही, एवढं त्यातून दिसतं.

आता तिथे उभं राहतंय ते जुन्या अर्थाने कामगार वस्तीचं पुनर्वसन नाही. वरळीत रहिवाशांसाठी 40 मजली इमारती, त्यांच्या शेजारी खुल्या बाजारात विकायचे आणखी उंच मनोरे, व्यापारी इमारती, दुकानं, वाहनतळ असा सगळा संमिश्र वापराचा मामला आहे. शिवडी वगळता तिन्ही ठिकाणचे मिळून 15,593 गाळे आणि त्यातले 9,689 एकट्या वरळीत. मालक सरकार आणि राबवणारी संस्था म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण. घरं उभी राहण्याआधी तिन्ही वसाहतींना नेत्यांची नावं द्यायचं मात्र ठरून गेलं होतं. बाळासाहेब ठाकरे, शरद पवार, राजीव गांधी. त्या बाबतीत कुणी रखडू दिलं नाही.

या संमिश्र संकुलांचं अर्थशास्त्र उघड आहे, पण त्यावर बोललं कमी जातं. रहिवाशाचं घर 'फुकट' म्हणायचं. प्रत्यक्षात त्याचे पैसे शेजारच्या विक्रीच्या मनोऱ्यातून येतात. जमीन एक, वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळतं, त्यातलं थोडं मूळ रहिवाशांच्या घरांसाठी आणि उरलेलं बाजारात. म्हणजे चाळीतल्या माणसाच्या डोक्यावरचं छप्पर करोडोंची घरं घेणाऱ्या ग्राहकाच्या मूडवर टांगलेलं असतं. 2008 ची जागतिक मंदी आली, 2016 ची नोटाबंदी आली, 2018 मध्ये बिगरबँक वित्तसंस्थांकडचा पैसा आटला, 2020 मध्ये कोविड आला. प्रत्येक वेळी मुंबईतले मनोरे अर्ध्यावर थांबले. थांबलेल्या मनोऱ्यात ज्याने गुंतवणूक केली होती त्याचे पैसे अडकले, हे वाईटच. पण ज्याने आपलं राहतं घर पाडायला दिलं होतं त्याचं काय अडकलं? अशा प्रकल्पात बाजाराची जोखीम विकासक उचलतो असं कागदावर असतं. बाजार पडला की ती जोखीम गुपचूप सरकत खाली येते आणि भाड्याच्या धनादेशावर येऊन बसते. धनादेश वटायचा थांबतो.

गोरेगाव पश्चिमेच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्राचाळीत, हे सगळं घडलं. 47 एकर जागा, 672 कुटुंबं. 2008 मध्ये सोसायटी, म्हाडा आणि विकासक कंपनी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. रहिवाशांना घरं, म्हाडाला तिचा हिस्सा आणि उरलेलं विकासकाला. रहिवाशांनी खळखळ न करता घरं रिकामी केली. विकासाच्या आड येणारे म्हणून त्यांच्यावर कुणी अग्रलेख लिहिला नाही, कारण ते आड आलेच नाहीत. काही वर्षं भाडं मिळालं, मग बंद पडलं. पुनर्वसनाच्या इमारती अर्धवट उभ्या राहिल्या. रहिवाशांची आणि म्हाडाची घरं न बांधताच चटईक्षेत्र दुसऱ्या विकासकांना विकलं गेलं, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. 2018 मध्ये म्हाडाने करार रद्द केला, गुन्हा दाखल झाला आणि पुढे 2022 मध्ये संजय राऊत यांच्या अटकेमुळे पत्राचाळ हे नाव देशभर झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत म्हाडाने उरलेलं काम स्वतः पूर्ण करायला घेतलं. चौदा वर्षं! या चौदा वर्षांत कुटुंबातली म्हातारी माणसं भाड्याच्या घरांत गेली, मुलांच्या शाळा बदलल्या, लग्नं ठरताना 'सध्या कुठे राहता' या प्रश्नाला उत्तर देणं अवघड झालं. म्हाडाच्या 2016 च्या सोडतीत याच जागेवरच्या घरांसाठी यशस्वी ठरलेले 306 जणही त्याच रांगेत येऊन उभे राहिले. टीव्हीवरची चर्चा कोण आत गेला आणि कोण सुटला यावरच चालली. 672 कुटुंबांनी इतक्या सहज घरं का सोडली आणि सोडताना त्यांच्या हातात नेमका कोणता कागद होता, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या रहिवाशांनी नेमका तोच प्रश्न विचारला. ते चाळींचे मालक नव्हते, सार्वजनिक बांधकाम विभागाचे भाडेकरू होते. खोली एकदा सोडली की हातात उरतो तो फक्त करार, म्हणून करार नोंदणीकृत हवा. पात्र कोण, हे खोली सोडण्याआधी ठरायला हवं, कारण नंतर कार्यालयाच्या पायऱ्या झिजवताना आपल्या बाजूने बोलायला काही शिल्लक राहत नाही. या मागण्यांना हट्ट म्हणणाऱ्यांनी स्वतःचा फ्लॅट विकताना काय केलं होतं ते आठवून बघावं. टोकन घेतल्याशिवाय पाहुण्याला दुसऱ्यांदा घर दाखवत नाहीत.

या घासाघिशीचं फळही मोजता येतं. संक्रमण काळातलं मासिक भाडं आधी 22 हजार होतं, ते 25 हजारांवर गेलं. बीडीडीत सेवानिवासस्थानं म्हणून पोलिसांकडे असलेल्या खोल्यांमधली कुटुंबं तर योजनेत मालक म्हणून धरलेलीच नव्हती. पिढ्या तिथे वाढलेल्या, निवृत्तीनंतर जायचं कुठे हे माहीत नाही. त्यांनी आंदोलनं केली. सरकारने आधी 50 लाखांत घर देऊ म्हटलं, मग 25 लाखांत आणि शेवटी 15 लाखांवर आलं. ही कुटुंबं पहिल्याच बैठकीत 'विकासाला सहकार्य' करून मोकळी झाली असती तर त्यांचं काय झालं असतं? पोलिसांना स्वस्तात घर द्यावं का, यावर वेगळा वाद होऊ शकतो, मला स्वतःला त्यात सगळंच पटत नाही. पण राज्याने आपली किंमत दोनदा उतरवली ती समोरचे लोक जागेवर बसून राहिले म्हणून, हे नाकारता येत नाही.

14 ऑगस्ट 2025 रोजी माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात वरळीच्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. भूमिपूजनापासून आठ वर्षं लागली. पण क्रम बघा. विक्रीचे मनोरे अजून व्हायचे होते, रहिवाशांच्या इमारती आधी उभ्या राहिल्या. खाजगी पुनर्विकासात असं सहसा घडत नाही, कारण विकासकाला विक्रीतून पैसा आधी लागतो. इथे म्हाडा आधी पैसा घालते आणि नंतर विक्रीतून वसूल करू म्हणते. यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे: हजारो कोटींचा सार्वजनिक पैसा वरळीच्या घरबाजारावर लावणं हा जुगार नाही का? आहे. पण हा जुगार खाजगी प्रकल्पातही असतोच, फक्त तिथे डाव हरला की 672 कुटुंबं हरतात. मंदीची दोन-चार वर्षं कळ काढण्याची ऐपत म्हाडाची आहे, 160 चौरस फुटांतल्या माणसाची नाही. जोखीम कुणीतरी घ्यायचीच असेल तर ऐपत असणाऱ्याने घ्यावी.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात कठीण उत्तर भेंडीबाजार देतो. ते टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे जुन्या इमारती, 3,200 कुटुंबं, 1,250 दुकानं. सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने 2009 मध्ये हाती घेतलेला हा समूह पुनर्विकास, उंच मनोरे आणि खाली बाजार. इथे नफ्यासाठी पळून जाणारा विकासक नव्हता, समाजाचाच ट्रस्ट होता. तरीही इतक्या मालकांच्या, भाडेकरूंच्या, दुकानदारांच्या संमती, न्यायालयं आणि परवानग्या यांत वर्षं गेली. 29 ऑगस्ट 2017 च्या धुवांधार पावसानंतर दोनच दिवसांनी, 31 तारखेच्या सकाळी, याच हद्दीतली हुसैनी इमारत कोसळली. तीसहून अधिक माणसं गेली. इमारत शंभरी ओलांडलेली होती, तिचा धोका माहीत होता, काही कुटुंबं आधीच संक्रमण घरांत गेलेली होती. जी गेली ती वाचली. म्हणजे इथे खोली न सोडण्याने माणसं मेली. मग बसून राहण्याचं कौतुक करायचं कसं?

इमारत खरोखर पडायला आलेली असेल तर तिथे कराराची वाट पाहत बसू नये, यात माझ्या मनात शंका नाही. पण लोक धोका दिसत असूनही का जात नाहीत, याचं कारण त्यांच्या हटवादीपणात शोधणं सोपं आणि चुकीचं आहे. दक्षिण मुंबईत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाला संक्रमण शिबिरात गेलेलं एखादं कुटुंब माहीत असतं. तात्पुरते म्हणून गेलेले आणि तिथेच दोन पिढ्या राहिलेले. ज्या इमारतीतून ते निघाले ती पाडली गेली, जागेवर कधी काही उभं राहिलं, कधी राहिलंच नाही. पावसाळ्याआधी दरवर्षी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, नोटिसा चिकटवते, आणि माणसं त्या नोटिशीकडे बघून पुन्हा आत जातात. त्यांना छप्पर पडण्याची भीती आहेच, पण परत न येण्याची भीती त्याहून मोठी आहे. ही दुसरी भीती सरकारने स्वतः, तीस-चाळीस वर्षांच्या वागणुकीतून, कमावून ठेवलेली आहे. भेंडीबाजारातला ट्रस्ट चांगला असेलही, पण शहराची आठवण एकेका प्रकल्पापुरती नसते.

दुकानदारांचं दुखणं तर वेगळंच असतं. राहत्या घराला भाडं देता येतं. गिऱ्हाईकाला भाडं देऊन कोण थांबवून ठेवणार? भेंडीबाजारात हार्डवेअर, कापड, अत्तरं, खाण्याचे पदार्थ अशी दुकानं गल्लीच्या आधारावर चालतात. शेजारी अमुक दुकान आहे म्हणून माझ्याकडे माणूस येतो. सगळी गल्ली पाच-सात वर्षांसाठी उठवली की तो माणूस क्रॉफर्ड मार्केटला जायची सवय लावून घेतो आणि नव्या इमारतीतलं सुंदर दुकान हातात येतं तेव्हा फक्त भिंती परत मिळालेल्या असतात. संमिश्र वापराच्या संकुलांत हा हिशेब मला कुठेच धड मांडलेला दिसत नाही. चित्रांमध्ये खालच्या मजल्यावर काचेच्या दर्शनी भागाची दुकानं असतात, त्यांच्यासमोर बारीक अंगकाठीची माणसं पिशव्या घेऊन चालत असतात. मधल्या वर्षांत उधारी, नोकर, घाऊक व्यापाऱ्याशी असलेली पत यांचं काय होतं, हे त्या चित्रात येत नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण उशिराची सगळी असमानता तिथे उघडी पडते. 1 मे 2017 पासून महाराष्ट्रात रेरा हा घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, म्हणजे वरळीच्या पहिल्या भूमिपूजनानंतर नऊच दिवसांनी. त्याने घर विकत घेणाऱ्याला खूप काही दिलं. प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं. उत्तम. पण त्याच जमिनीवर, त्याच कुंपणाच्या आत, पुनर्वसनाच्या इमारतीतला मूळ रहिवासी या कायद्याच्या नजरेत ग्राहक नाही, कारण त्याने पैसे दिलेले नाहीत. त्याने फक्त आपलं घर दिलेलं आहे. चाळिसाव्या मजल्यावरचा फ्लॅट बुक करणाऱ्याला दोन क्लिकमध्ये कळतं की आपली तारीख कोणती. ज्याची चाळ पाडून तो मजला उभा राहिला त्याला तारीख विचारायला सोसायटीच्या सचिवाकडे किंवा नगरसेवकाच्या कार्यालयात जावं लागतं.

झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने 2023 मध्ये एक पाऊल उचललं. झोपड्या रिकाम्या करण्याआधी विकासकाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढील तारखेचे धनादेश द्यायचे. थकलेल्या भाड्याच्या तक्रारींचा ढीग झाल्यावर हे सुचलं, पण सुचलं तरी. माझी सूचना याच वाटेवर आणखी पुढे जाण्याची आहे. पुनर्वसनाचा भाग रेरासारख्या नोंदणीखाली आणा, तारखेसकट. भाडं विकासकाच्या चालू खात्यातून न जाता स्वतंत्र खात्यातून जावं आणि प्रकल्पाच्या ठरलेल्या पूर्ण मुदतीएवढं आधी जमा असावं. विकासकाला हे महाग पडेल, मान्य. महाग पडल्यामुळे काही प्रकल्प सुरूच होणार नाहीत. ते न होणं चांगलं. मुदतीएवढं भाडं उभं करण्याची ऐपत नसलेल्या माणसाने चाळ पाडू नये, एवढी किमान चाळणी असायलाच हवी. आणि पाडकामाची परवानगी देताना नोंदणीकृत वैयक्तिक करार ही पूर्वअट ठेवा. वरळीत लोकांना भांडून मिळवावं लागलं ते गोरेगावात, कामाठीपुऱ्यात, धारावीत आपोआप मिळालं पाहिजे. धारावीचा आराखडा 2004 पासून फिरतोय, तिथे माणसांची संख्या वरळीच्या कितीतरी पट आहे, आणि तिथली कितीतरी घरं म्हणजे कारखानेही आहेत. तिथे खोल्या रिकाम्या झाल्यानंतरचा उशीर सुरू झाला तर त्याचा आकार पत्राचाळीत बसणार नाही.

यावर एक प्रश्न हमखास येतो: एवढ्या अटी घातल्या तर शहर बदलणार कधी? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या घाईबद्दल मला सहानुभूती आहे. बीडीडीच्या सामाईक शौचालयाबाहेर पहाटे रांगेत उभं राहणाऱ्या बाईला आठ वर्षं थांबायला सांगणं हे काही रोमँटिक नाही. त्या आठ वर्षांत कितीतरी माणसं नवं घर न बघताच गेली असतील. पण त्या आठ वर्षांपैकी किती महिने रहिवाशांच्या अटींमुळे गेले आणि किती सरकार बदलल्यामुळे, कंत्राटदारांशी वाटाघाटींमुळे, पात्रतेच्या फायली टेबलावर पडून राहिल्यामुळे गेले, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. रहिवाशांचा हिस्सा मोठा निघाला, तरी त्यातून त्यांनी काय मिळवलं ते वर सांगितलंच आहे. फायलींच्या उशिरातून कुणी काय मिळवलं, ते संबंधितांनी सांगावं.

शिवडीच्या 12 चाळी बंदर प्राधिकरणाच्या, म्हणजे केंद्राच्या, जमिनीवर असल्यामुळे मूळ योजनेत आल्याच नाहीत. 80 च्या हिशेबाने साडेनऊशेहून अधिक खोल्या. वयाने, बांधणीने, सगळ्याने वरळीच्याच बहिणी. त्यांचा पुनर्विकास कधी ना कधी होईल. मनोऱ्यांची चित्रं येतील, खाली दुकानं दाखवलेली असतील आणि लवकर खोल्या रिकाम्या करा म्हणून आर्जवं सुरू होतील. शिवडीकरांनी तेव्हा वरळीला एक चक्कर मारावी आणि तिथल्या लोकांकडून त्यांच्या कराराची एक प्रत मागून घ्यावी.